जिन्यावरचं वायफाय

आमच्या राऊटरवर सासूबाईंनी क्रोशाचा रुमाल घातला होता. तो रुमाल आधी रेडिओवर असायचा, मग टीव्हीवर आला. टीव्ही चपटा झाल्यावर रुमालाला जागाच उरली नाही, म्हणून तो राऊटरवर गेला. दोन्ही अँटेना जाळीतून बाहेर काढलेल्या. धूळ बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. नणंदेच्या मुलानं एकदा सांगून पाहिलं की तो डबा गरम होतो, त्याच्यावर काही घालू नका. कुणी मनावर घेतलं नाही. नेट बंद पडलं की प्लग काढायचा, दहा आकडे मोजायचे, परत लावायचा. पाच वर्षं आमचं त्या डब्याविषयीचं सगळं ज्ञान एवढंच होतं.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. कॉम्प्युटर माझा विषय नाही. तरीही आज त्या डब्यावरच लिहितेय, कारण गेल्या वर्षी त्याच्यामुळे आमच्या घरात एक रात्र अशी गेली की नंतर मला रुमाल बाजूला करून आत काय आहे ते बघावंच लागलं.

कनेक्शन आम्ही २०२० च्या पावसाळ्यात घेतलं. शाळा बंद होत्या आणि माझे वर्ग मोबाइलवर चालायचे. पहिल्या आठवड्यात वर्गातल्या बेचाळीस मुलांपैकी नऊ दिसली. बाकीच्यांच्या घरी फोन होता, पण तो अब्बूंच्या खिशात, आणि अब्बू कामावर. काहींच्या घरी फोन असून रिचार्ज नव्हता. आमच्या मोहल्ल्यातली पाच-सहा मुलं मग आमच्या जिन्यावर येऊन बसायला लागली. सोलापुरातली जुनी घरं तुम्ही पाहिली असतील, तर अंदाज येईल. खाली दुकान, बाजूनं दगडी जिना, वर आम्ही. एकेका पायरीवर एकेक मूल, तोंडाला रुमाल बांधून. मी वर आतल्या खोलीत शिकवतेय आणि माझाच आवाज जिन्यावरून अर्ध्या सेकंदानं परत ऐकू येतोय. त्या दिवसांत मला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला, कबूल करते. शेजाऱ्याचा हक्क वगैरे आपण वर्गात शिकवतो, इथे तो महिना सहाशे रुपयांत अदा होत होता.

पासवर्ड काय होता, तेही सांगते. कनेक्शन जोडायला आलेल्या मुलानं विचारलं, "काय ठेवू?" आमच्या ह्यांनी सांगितलं, "माझा मोबाइल नंबर ठेव, लक्षात राहील." ह्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि तो नंबर दुकानाच्या पाटीवर हातभर अक्षरांत रंगवलेला आहे. म्हणजे आमच्या घराची किल्ली आम्ही रस्त्यावर लटकवून ठेवली होती, आणि पाच वर्षांत आमच्या कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही.

लॉकडाऊन संपला, पण जिना काही रिकामा झाला नाही. शाळा झाल्या की मुलं यायची. कुणाला शिष्यवृत्ती परीक्षेचा फॉर्म भरायचा, कुणाला अकरावीचा प्रवेश, कुणाला नुसतंच क्रिकेट बघायचं. मी कधी हटकलं नाही. सासूबाई वरून डोकावून कधी चिवडा द्यायच्या.

गेल्या वर्षी जानेवारीत, मगरिबच्या सुमाराला, साध्या कपड्यातले दोघं जिना चढून आले. एकानं ओळखपत्र दाखवलं आणि विचारलं, "इंटरनेटचं कनेक्शन कुणाच्या नावावर आहे?" नावावर ह्यांच्या होतं. ते दुकानातून वर आले, हाताला वॉर्निशचा वास तसाच. एका मुलीच्या नावानं कुणीतरी खोटं खातं उघडलं होतं. तिचा फोटो लावून नको ते लिहिलं होतं, तिच्या ओळखीच्यांना मेसेज केले होते. मुलीच्या मामूंनी सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार केली होती. ते खातं ज्या पत्त्यावरून चालवलं गेलं तो पत्ता आमच्या घराचा निघाला. हे त्यांच्याबरोबर गेले.

पोलिसांनी त्यांना नीट वागवलं, चहाही दिला. हे साडेअकराला परत आले. पण ते परत येईपर्यंतचे चार तास मला काही चहाचं माहीत नव्हतं. सासूबाई तस्बीह घेऊन बसल्या होत्या. मी दाराशी उभी राहून जिन्याच्या रिकाम्या पायऱ्या बघत होते आणि एकेका पायरीवर कोण कोण बसतं ते आठवत होते.

आणि मला २००८ आठवलं. मी तेव्हा बी.एड. करून नुकतीच नोकरीला लागले होते. २६ जुलैला अहमदाबादेत स्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक मेल गेला होता. तो मेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटमधल्या कनेक्शनवरून गेल्याचं निघालं. तिथे राहत होता एक अमेरिकन माणूस. त्याचं वायफाय उघडं होतं, आणि कुणीतरी बाहेरून येऊन ते वापरलं होतं. चौकशी झाली, त्याचा काही संबंध नसल्याचं स्पष्ट झालं. पुढच्या दोन महिन्यांत तसेच मेल मुंबईतल्या एका कॉलेजच्या आणि चेंबूरमधल्या एका कंपनीच्या वायफायवरून गेले. त्या पावसाळ्यात स्टाफरूममध्ये पेपर उघडताना आमचे हात जड व्हायचे, हे ज्यांनी ते दिवस आमच्या बाजूनं काढलेत त्यांना वेगळं सांगायला नको.

दाराशी उभ्या उभ्या माझ्या मनात आलं, की सानपाड्याच्या त्या बिलावर आमच्या ह्यांचं नाव असतं तर 'संबंध नाही' इथपर्यंत पोचायला आम्हाला किती दिवस, किती वर्षं लागली असती? हा विचार बरोबर की चूक, यावर वाद घालता येईल. मनात आला, म्हणून लिहिला.

ह्यांची जबानी झाली, घरात कोण कोण आहे ते लिहून घेतलं, फोन बघितले. खातं चालवणारा कोण ते पोलिसांना पुढे दोन आठवड्यांत कळलं. मुलगा अज्ञान वयाचा, त्यामुळे नाव बाहेर आलं नाही. दोन्ही घरांनी मिळून मिटवलं म्हणे. मला आजही तो कोण ते ठाऊक नाही. ती मुलगी मात्र कोण ते कळलं. ती माझ्याच वर्गात होती, नववीत. फोटो स्नेहसंमेलनातला होता, मीच ग्रुपवर टाकलेला. तिनं तीन आठवडे घरी कुणाला सांगितलं नव्हतं. ती रोज माझ्यासमोर तिसऱ्या बाकावर बसत होती. आणि तोपर्यंत संध्याकाळी आमच्या जिन्यावर पण, खालून चौथ्या पायरीवर.

दुसऱ्या दिवशी हे म्हणाले, "बंद करून टाक. कुणालाच नको." सासूबाई म्हणाल्या, "किसी का पानी बंद करते क्या?" ह्यांनी सांगितलं, "अम्मी, पाणी पिऊन कुणी पोलिसांना आपल्या दारात आणत नाही." दोघांचंही मला पटत होतं. तेवढ्यापुरता मी प्लग काढून ठेवला.

पुण्यात नणंदेचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे, त्याला फोन केला. तो म्हणाला, "मुमानी, लॅपटॉपचा रिमोट द्या, मी इथून अर्ध्या तासात सगळं करतो." मी म्हटलं, "तू करून देशील, मग सहा महिन्यांनी परत तुलाच विचारायचं का? तू सांग, मी करते." त्याला बिचाऱ्याला चार रविवार लागले.

पहिला प्रश्न मी त्याला विचारला तो हा, की जिन्यावर अकरा फोन आणि पोलिसांना घर एकच कसं दिसलं? त्यानं नॅट वगैरे सांगितलं, ते डोक्यावरून गेलं. मग मला आमच्या शाळेचं आवक-जावक रजिस्टर आठवलं आणि एकदम लख्ख झालं. शाळेतून पत्र कुठल्याही शिक्षकानं लिहिलं तरी बाहेर जाताना त्याच्यावर शाळेचा पत्ता, शाळेचा शिक्का. क्लार्क जावक रजिस्टरला लिहून ठेवतो की अमुक क्रमांकाचं पत्र कुणाचं. उत्तर आलं की त्याच क्रमांकावरून ते त्या शिक्षकाच्या टेबलावर. राऊटर हा तो क्लार्क. घरातल्या प्रत्येक फोनला तो आतला एक क्रमांक देतो, बहुतेक घरांत १९२.१६८ नं सुरू होणारा. हे क्रमांक घरातल्या घरातच चालतात, शेजारच्या घरातही तेच असू शकतात. बाहेर जाताना सगळ्यांवर एकच शिक्का, कनेक्शनचा. फरक एवढाच की शाळेचं रजिस्टर कपाटात वर्षानुवर्षं राहतं, आणि राऊटरचा क्लार्क काम झालं की काही मिनिटांत ओळ खोडतो.

अलीकडे बऱ्याच कंपन्या पुष्कळ घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता देतात, आणि कोणत्या क्षणी कोण होतं त्याची नोंद स्वतःकडे ठेवतात. आमचं तसं नव्हतं. दुकानात कॅमेरा बसवला तेव्हा कॅमेरावाल्यानं जास्तीचे पैसे भरून आमच्यासाठी वेगळा, कायमचा पत्ता घ्यायला लावला होता. दुकान घरातून दिसावं म्हणून. कॅमेरा दीड वर्षात जळाला. पत्ता राहिला.

मग रुमाल काढला. डब्याच्या पोटावर एक चिकटपट्टी होती, तिच्यावर छापलं होतं, १९२.१६८.१.१. हे ब्राउझरमध्ये टाइप केलं तर एक पान उघडलं, त्यानं नाव आणि पासवर्ड विचारला. तेही चिकटपट्टीवरच होतं. नाव अॅडमिन, पासवर्ड अॅडमिन.

इथे मला पहिल्यांदा घाम फुटला. मला वाटत होतं राऊटरला एक पासवर्ड असतो. असतात दोन. एक वायफायचा, म्हणजे शाळेच्या फाटकाची किल्ली. दुसरा ह्या पानाचा, म्हणजे मुख्याध्यापकांच्या कपाटाची. फाटकाची किल्ली मी मुलांना देत होते ते ठीक, पण कपाट सताड उघडं होतं, आणि जिन्यावर बसलेल्या कुठल्याही पोराला आपल्या फोनवरून ते उघडता आलं असतं. उघडून करणार काय? भाच्यानं सांगितलं. राऊटरमध्ये डीएनएस नावाची एक जागा असते. आपण बँकेच्या साइटचं नाव टाकतो तेव्हा त्या नावाचा खरा क्रमांक कुणाला विचारायचा, ते तिथे लिहिलेलं असतं. ती एक ओळ बदलली की फोन बरोबर नाव टाकतो आणि पोचतो भलत्याच दारात. पान हुबेहूब बँकेसारखं. ब्राझीलमध्ये २०११ च्या सुमाराला असे पंचेचाळीस लाख मोडेम बिघडवले गेले होते. २०१६ मध्ये मिराय नावाच्या एका प्रोग्रॅमनं तर जगभरचे कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले. त्यात फार हुशारी नव्हती. कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डांची यादी घेऊन तो दारोदार फिरायचा आणि एकेक लावून बघायचा. लोकांनी बदललेलेच नव्हते. आमच्यासारखे लोक सगळीकडे असतात, एवढं समाधान मिळालं.

आमचं डीएनएस जागेवर होतं. दुसरं मात्र सापडलं. पोर्ट फॉरवर्डिंगच्या पानावर एक ओळ होती: बाहेरून अमुक पोर्टवर जो येईल त्याला सरळ आतल्या अमुक क्रमांकाकडे पाठवा. जळालेल्या कॅमेऱ्याची ती खिडकी. कॅमेरा भंगारात जाऊन तीन वर्षं झाली आणि आमची रस्त्याकडची खिडकी तशीच उघडी. तो आतला क्रमांक आता कुणाला मिळाला असेल ते बघितलं, तर सासूबाईंच्या टॅबला. त्या त्याच्यावर तफ्सीर ऐकतात. ओळ पुसली. बाहेरून राऊटरचं पान उघडण्याची सोयही चालू होती, तीही बंद केली.

मग अॅडमिनचा पासवर्ड. ही एक गोष्ट तुम्ही हा लेख वाचून झाल्यावर आज करा, बाकीची नंतर केलीत तरी चालेल. चार शब्द, एकमेकांशी संबंध नसलेले, रोमन लिपीत, मध्ये एखादा आकडा. व्याकरण येणाऱ्या माणसाला हे जड जातं, आपोआप वाक्य व्हायला लागतं. माझे पहिले दोन प्रयत्न म्हणी निघाल्या.

वायफायच्या कुलपाच्या जातीही असतात, हे मला नवीन होतं. डब्ल्यूईपी ही सगळ्यात जुनी, ती २००१ मध्येच तुटली. नंतर डब्ल्यूपीए, २००४ पासून डब्ल्यूपीए२, आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए३ आली. आमच्याकडे पहिला आणि दुसरा मिळून 'दोन्ही चालतील' असं ठेवलेलं होतं, म्हणजे नवीन कुलूप लावून जुन्या किल्लीलाही परवानगी. ते नुसतं डब्ल्यूपीए२ वर आणलं, त्यातही एईएस. तिसरी जात आमच्या डब्याला येतच नव्हती.

डब्ल्यूपीएसची गंमत मी दुसऱ्या दिवशी शाळेत गणिताच्या सरांना सांगितली. डब्याच्या मागचं बटण दाबलं की पासवर्डाशिवाय फोन जोडला जातो, त्याचा हा प्रकार. त्याला आठ आकड्यांचा एक पिनही असतो. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता, कुणी मोजत बसणार नाही. पण २०११ च्या शेवटी लक्षात आलं की राऊटर तो पिन दोन तुकड्यांत तपासतो आणि पहिला तुकडा चुकला की तेव्हाच सांगून टाकतो. सर लगेच म्हणाले, "मग पहिले चार म्हणजे दहा हजार, दुसरे चार म्हणजे दहा हजार, झाले वीस हजार." मी म्हटलं, "आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून काढलेला असतो." सरांनी खडू खाली ठेवला. "अकरा हजार! अरे, हे तर एका रात्रीचं काम." तो त्यांनी आठवीच्या वर्गाला गणित म्हणून घातला. मी घरी येऊन डब्ल्यूपीएस बंद केलं.

ह्यांना वेगळाच उपाय आवडला होता. प्रत्येक फोनला कारखान्याचा एक मॅक पत्ता असतो, तेवढ्याच पत्त्यांना आत घ्यायचं. रिवाइंडिंगवाल्याला शोभेल असा, नग मोजून. आठवड्यात फसला. हल्लीचे फोन प्रत्येक वायफायला स्वतःचा खोटाच पत्ता सांगतात, मागावर कुणी राहू नये म्हणून. आणि ज्याला आत घुसायचंच आहे तो दुसऱ्याचा पत्ता स्वतःला लावूनही घेतो. म्हणजे साधी मुलं बाहेर आणि लबाड आत. नेटवर्कचं नाव लपवून ठेवण्याचा सल्लाही एकानं दिला. दारावरची पाटी काढली म्हणून चोराला घर दिसत नाही असं थोडंच आहे.

एक गोष्ट सांगायची राहिली. राऊटरमध्ये जोडलेल्या फोनांची यादी दिसते. पहिल्या रविवारी प्लग पुन्हा लावल्यावर तासाभरातच ती भरली होती, कारण मुलांचे फोन जिन्यावरून नुसते गेले तरी जोडले जात. अकरा नावं. काही फोनच्या मॉडेलची, काही मुलांनी स्वतः ठेवलेली, 'किंग', 'डॉन भाई', एक 'अम्मी का फोन'. ह्यातला एक तो होता. भाचा म्हणाला, "लॉग बघा ना मुमानी, जानेवारीतलं." आमच्या डब्याचं रजिस्टर त्याच्या तात्पुरत्या स्मरणात असतं, वीज गेली की साफ. आणि नेट अडकलं की ह्यांची एकच दवा, प्लग काढून लावणे. तेव्हा तिथे काहीच नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या वाटण्याची लाजही वाटली. कळलं असतं तर मी त्याला वर्गात कसं शिकवलं असतं? आणि नाही कळलं म्हणून त्या मुलीच्या डोळ्याला मी कसा डोळा देतेय?

आता मुलांचं काय करायचं, हा प्रश्न उरला होता. मी ठरवलं होतं की बंद करायचं नाही, पण घराचं आणि जिन्याचं वेगळं करायचं. ह्यांनी कुरकुरत बाजारातून बाराशेचा दुसरा राऊटर आणला. जुन्या डब्यातून वायर काढून नव्याला लावली, नव्याचं वायफाय मुलांना. लावल्या लावल्या दोघंही गप्प. दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१. एका शाळेत दोन मुख्याध्यापक बसवल्यासारखं झालं. नव्याचा आतला पत्ता बदलून १९२.१६८.१०.१ केला, तेव्हा नेट वाहायला लागलं.

दोन दिवसांनी रात्री नऊ वाजता आमचा प्रिंटर आपोआप सुरू झाला. सासूबाई घाबरून उठल्या. आतून हळूहळू एका क्रिकेटपटूचा रंगीत फोटो बाहेर आला, वर लिहिलेलं, 'हॅपी बर्थडे भाईजान'. खाली जिन्यावर खसखस. मुलांचा राऊटर वेगळा केला होता, तरी त्यांना माझा प्रिंटर दिसत कसा होता?

भाचा आधी हसून हसून बेजार झाला, मग म्हणाला, "तुम्ही डबे उलटे लावलेत." हे समजायला मला एक रविवार लागला, पण ते सांगण्यासारखं आहे. राऊटरच्या आतला माणूस बाहेरच्या सगळ्यांपर्यंत जाऊ शकतो. बाहेरच्याला मात्र बोलावल्याशिवाय आत येता येत नाही. नवा डबा जुन्याच्या मागे होता, म्हणजे मुलांच्या दृष्टीनं आमचं सगळं घर 'बाहेर'च होतं. माजघर पाहुण्यांना दिलं होतं आणि आम्ही ओसरीवर झोपलो होतो. अदलाबदल केली. जुना डबा, जिथे फायबरची तार येते तो, मुलांना. तो जिन्याच्या भिंतीलाच आहे, त्यांना रेंजही चांगली. नवा डबा आत, त्याच्यावर आमचे फोन, प्रिंटर, टॅब. एक काळजी मात्र वाढली: मुलं आता जुन्या डब्याच्या दारातच बसतात, म्हणून त्याच्या कपाटाची किल्ली आणखी लांबवली.

(खरं तर नव्या राऊटरमध्ये गेस्ट नेटवर्क नावाची सोय होतीच. एक खूण केली की पाहुण्यांचं वेगळं वायफाय, घरातलं काही न दिसणारं. तारेचं टोक थेट नव्याला देता आलं असतं तर तेवढ्यात भागलं असतं. हे मला सगळं झाल्यावर खोक्यातला कागद वाचताना कळलं. खोक्यातला कागद आधी वाचावा, हे मी मुलांना दरवर्षी सांगते, प्रश्नपत्रिकेच्या बाबतीत.)

मुलांच्या डब्यावर मी 'आयसोलेशन'ची खूण केली, म्हणजे एकाचा फोन दुसऱ्याच्या फोनला दिसत नाही. सकाळी सहा ते रात्री साडेनऊ वेळ लावली. डीएनएसच्या जागी १.१.१.३ लिहिलं, ते घाणेरड्या आणि फसव्या साइट गाळतं. भाचा म्हणाला, "ज्याला बघायचंय तो मोबाइल डेटावर बघेल." बघू दे. तो आमच्या जिन्यावर नसेल.

पासवर्ड आता दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो. ज्याला हवा त्यानं वर यायचं, वहीत नाव लिहायचं, चिठ्ठी घ्यायची. वहीवर मी बरेच दिवस अडले होते. मला पोलीस व्हायचं नव्हतं. शेवटी ठरवलं, कुणी चिठ्ठी नेली एवढंच लिहायचं, कुणी काय बघितलं ते नाही. लॉगचं पान मी पुन्हा उघडलेलं नाही. पहिल्या एक तारखेला मी चिठ्ठ्या देताना जानेवारीत काय झालं ते मुलांना सांगितलं, त्या मुलीचं नाव न घेता. ह्यांना चार तास कुठे बसावं लागलं, तेही. अकरापैकी सात मुलांनी नाव लिहून चिठ्ठी नेली. चार आली नाहीत. मी त्या चौघांचा विचार करायचा नाही असं रोज ठरवते.

ती मुलगी जिन्यावर परत आली नाही. वर्गात यायची, उत्तरं द्यायची, पण मधल्या सुट्टीत बाकावरच. स्नेहसंमेलनाचे सगळे फोटो मी ग्रुपवरून काढले. तिच्या अम्मीला भेटून माफी मागितली, तर ती उलट मलाच म्हणाली, "आपा, आप क्या करते उसमें." मला त्यानं बरं वाटलं नाही.

ऑगस्टमध्ये एका शनिवारी शाळा सुटल्यावर ती टेबलाजवळ थांबली. आता ती दहावीत. म्हणाली, मामूंनी घरी नेट घेऊन दिलंय. "आपा, तुम्ही म्हणाला होता दोन पासवर्ड असतात. तो आतला कसा बदलतात?"

मी तिच्याबरोबर गेले. एक खोली, मधे पडदा, शिवणयंत्रावर झाकलेलं कापड. राऊटर नवा कोरा होता, भिंतीवर उंच बसवलेला. स्टुलावर चढून तिनं मागची चिकटपट्टी वाचली आणि फोनवर पान उघडलं. नाव अॅडमिन, पासवर्ड अॅडमिन. तिच्या अम्मीनं चहा टाकला. मी सांगत गेले आणि ती करत गेली. डब्ल्यूपीएस कुठे असतं ते तिनं माझ्याआधी शोधलं. मग नवीन पासवर्डाची चौकट आली. तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी पडद्याकडे तोंड करून बसले. मागे बराच वेळ बोटांचा आवाज येत होता. पासवर्ड लांबलचक होता.